फळा पुसायच्या आत

४ मार्च, सोमवार

आज शाळेत गेलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हे वाक्य लिहावं याचं माझं मलाच हसू येतं, पण गेलो खरा. निघताना बायको म्हणाली, "डबा घेतलात का? की मधल्या सुट्टीत मी आणून देऊ?" मुलगी दाराआड तोंड दाबून हसत होती. अर्ज तिनेच भरला होता. फी नाही, वयाची अट नाही, जुन्या प्रमाणपत्रांची चौकशी नाही. संगणकाला कामं कशी सांगायची, ते शिकवतात म्हणे.

मी कामाला होतो तो कारखाना पाण्याचे मीटर दुरुस्त करायचा. झिजलेली चाकं काढायची, नवी बसवायची, काटा सरळ करायचा, यातच माझं आयुष्य गेलं. नव्या मीटरात चाकंच नाहीत. ते स्वतःच स्वतःचा आकडा कळवतात. मालकाने आम्हाला बोलावून चहा दिला आणि कारखाना बंद केला. तेव्हा वाटलं, ज्या गोष्टीने पोटावर पाय दिला, ती निदान काय आहे ते तरी बघावं.

शाळा म्हणजे एक मोठी खोली. रांगेने संगणक, चाकांच्या खुर्च्या, भिंतीला पांढरे फळे. दाराशी पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्क गृहस्थ उभे होते. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "सर, मी नवीन."

ते मागे सरकले. "अहो, मी दार उघडतो फक्त."

"मग सर कधी येतात?"

"येत नाहीत."

"आज नाही येत?"

"कधीच येत नाहीत. इथे शिकवणारं कुणी नाही."

थट्टा असेल असं समजून बसलो. पडद्यावर पहिलं काम आलं. खाली एकच सूचना होती: अडल्यास शेजारच्याला विचारा. मी शेजारी पाहिलं. शेजारचा माझ्याकडे पाहत होता.

गुरूशिवाय शाळा. देवळात जाऊन गाभारा रिकामा दिसावा तसं झालं.

पहिल्या महिन्याला इथले लोक चाळणी म्हणतात. महिन्याच्या शेवटी जे उरतात त्यांना पुढे घेतात. जे गळतात त्यांना पुन्हा कधीही येता येत नाही. माणसाला आयुष्यात एकदाच चाळणी.

५ मार्च, मंगळवार

शून्य.

इथे काम आधी दुसरा एखादा विद्यार्थी शेजारी बसून तपासतो, प्रश्न विचारतो. मग ते यंत्राकडे जातं. यंत्राला सगळे सासू म्हणतात. माझं काम शेजाऱ्याने बरोबर ठरवलं, सासूने शून्य दिलं. नंतर शेजाऱ्याने शोधून सांगितलं, ओळीच्या शेवटी एक जागा रिकामी सुटली होती. काहीच नसलेली जागा. जी दिसतही नाही ती चूक.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "तुमच्या आई निदान कारण तरी सांगायच्या."

७ मार्च, गुरुवार

आता माझ्या शेजारी एक मुलगी बसते. वय माझ्या मुलीएवढं. उकाड्यातही डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून तिला सगळे टोपीच म्हणतात. फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करत होती. ती सोडून लांबून आली आहे आणि वसतिगृहात तिघींच्या खोलीत राहते. "परत गेले तर बाबा म्हणतील, सांगितलं होतं," एवढंच एकदा बोलली. तिच्या वडिलांना मी ओळखत नाही, पण ते हे वाक्य कसं म्हणतील ते मला ऐकू आलं.

मी अडलो की ती उठते, फळ्यावर लिहून दाखवते, वळून विचारते, "काका, कळलं?" मी हो म्हणतो. मग पुसून टाकते. इथला नियम असा की समजावलेलं चालतं, आपलं काम दुसऱ्याच्या हातात दिलेलं चालत नाही.

मला हे सोपं जातं. आमच्या गावच्या शाळेत पुस्तकं सगळ्यांना पुरत नसत. गुरुजी धडा फळ्यावर लिहायचे आणि दुसऱ्या वर्गाची वेळ झाली की पुसायचे. फळा पुसायच्या आत ज्याचं पाठ झालं, तो धडा त्याचा. बाकीच्यांचा गेला. मी कधी धडा जाऊ दिला नाही. कविता, पाढे, नद्यांची नावं, सगळं अजून जसंच्या तसं आहे. आज टोपीने लिहिलेलंही, स्वल्पविरामासकट.

सासूने पूर्ण गुण दिले. देवाची कृपा.

१० मार्च, रविवार

सुट्टी. खोलीत फेऱ्या मारत आठवड्याचं सगळं मोठ्याने म्हटलं. इंग्रजी अक्षरं मीटरच्या तबकड्यांवर पाहून ओळखीची झालेली, त्यामुळे जीभ वळते.

बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "शून्यापासून मोजायचं म्हणता ना? मग दहा वस्तू असल्या तर शेवटचीला आकडा नऊच येणार. म्हणून ते 'दहापेक्षा लहान असेतो' असं म्हणत असतील."

"मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो, "ओळ चुकते."

"बरं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, घड्या संपल्यावर, "नसेल तसं."

पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

१३ मार्च, बुधवार

आज दुसऱ्याचं काम तपासायची पाळी माझ्यावर आली. मी कोण तपासणारा? पण दुसऱ्यांची कामं तपासल्याशिवाय आपलं कुणी तपासत नाही, असा इथला व्यवहार आहे.

समोर एक नर्स होती. इस्पितळातली पाळी संपवून इथे येते, डोळे लाल, बोलणं कमी. तिने पडद्यावर काम दाखवलं. नीटनेटकं दिसत होतं. मी म्हणालो, "आता पडदा बंद करा."

तिने बंद केला.

"म्हणा."

"काय म्हणू?"

"हेच. पहिल्या ओळीपासून."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "पाठ कशाला करायचं? समोर आहे की."

मी थांबलो, वेळ दिला. तिला दोन ओळींच्या पुढे जाता येईना, त्यातही एक शब्द चुकला. वाईट वाटलं. दमून येते बिचारी, अभ्यासाला वेळ मिळत नसणार. पण अन्न देणाऱ्या विद्येशी खोटं वागू नये. शून्य दिलं.

ती म्हणाली, "बरं झालं, तुम्ही आमच्याकडे डॉक्टर नाही झालात."

१४ मार्च, गुरुवार

नर्सने दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलं आणि तिला पूर्ण गुण मिळाले. कुणी काही म्हटलंही नाही. गुरू नसला की असं ढिलं होणारच.

१८ मार्च, सोमवार

आज फार चांगला दिवस.

आठवड्याचं मोठं काम आलं आहे. कशीही दिलेली नावं ओळीने, अक्षरांच्या क्रमाने लावायची. लहान कामं सगळ्यांची सारखीच असतात, हे मोठं काम ज्याचं त्याने आपल्या डोक्याने करायचं. टोपीचं सकाळीच पूर्ण झालं, तपासूनही झालं. मी दुपारपर्यंत नुसता पडद्याकडे बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "चला काका," आणि फळ्याकडे गेली.

तिने फळ्यावर दोन कप काढले. एकात चहा, एकात दूध. "आता चहाच्या कपात दूध पाहिजे आणि दुधाच्या कपात चहा. कसं कराल?"

"ओतायचं कुठे?"

"तेच. म्हणून तिसरा रिकामा कप लागतो."

असं म्हणून तिने तिसरा कप काढला, त्याच्यावर इंग्रजीत गुबू असं लिहिलं आणि मग खाली सगळ्या ओळी. बोलत बोलत लिहीत होती. इथून इथपर्यंत जायचं, शेजारची दोन नावं बघायची, उलटी असतील तर गुबूच्या मदतीने बदलायची, मग पुढे जायचं. अख्खा फळा भरला. "हे असं. तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. कळलं?"

"हो," मी म्हणालो. "जरा वेळ पुसू नकोस."

ती खुर्चीवर डोळे मिटून पडली. मी फळ्यासमोर उभा राहिलो. लहानपणी उभा राहायचो तसाच, हात मागे बांधून. सगळं आत गेलं तेव्हा तिला म्हणालो, "पूस आता." मग जागेवर येऊन मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सगळं उतरवलं. एक अक्षर अडलं नाही.

तपासायला आला तो टॅक्सी चालवणारा. इथे सगळ्यांची फिरकी घेतो. "काका, समजावा बघू, मी लहान मुलगा आहे असं समजून." मी दोन कपांपासून सुरुवात केली आणि टोपी जशी बोलली तसं शेवटपर्यंत बोललो. तो हात जोडून म्हणाला, "तुम्ही इथे विद्यार्थी म्हणून आलात ही चूक झाली. ज्या सरांची सगळे वाट बघतायत ते तुम्हीच." पूर्ण गुण.

घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते. बायकोला सांगितलं, तिने काही चिडवलं नाही. माझ्या ताटात आधी वाढलं.

१९ मार्च, मंगळवार

काय लिहावं कळत नाही.

सकाळी पडदा उघडला तर माझं नाव लाल. शेजारी टोपीचं नाव लाल. खाली लिहिलं होतं: ही दोन कामं एकच आहेत.

सासू सगळ्यांची मोठी कामं एकमेकांशी ताडून पाहते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. नियम भिंतीवर लावला आहे, पहिल्या दिवसापासून. दोन कामं जुळली तर दोघंही बाहेर. एकाने नक्कल केल्याचं कबूल केलं आणि चौकशीत ते पटलं, तर तो एकटा बाहेर. चौकशी विद्यार्थीच करतात, चिठ्ठी टाकून निवडलेले तिघे. शुक्रवारी.

टोपी पडद्यासमोर उभी होती. बसलीच नाही. म्हणाली, "मी तुम्हाला काम दिलं असं म्हणतील."

"तू कुठे दिलंस?"

"मग तुमच्याकडे कसं आलं?"

"तू फळ्यावर लिहिलंस ना."

"मी कशासाठी लिहिलं, काका?" एवढं विचारून ती पिशवी उचलून निघून गेली.

मला तिचा प्रश्नच कळला नाही. शिकण्यासाठी लिहिलं. मी शिकलो.

२० मार्च, बुधवार

टोपी आज लांबच्या रांगेत बसली.

मी कुणाचं काही घेतलेलं नाही. लपून पाहिलं नाही, कुणाच्या संगणकाला हात लावला नाही. भर दुपारी सगळ्यांसमोर फळ्यासमोर उभा राहिलो आणि कष्टाने पाठ केलं. याला नक्कल म्हणत असतील तर मला लिहिता-वाचता येतं तीही नक्कलच.

पण हे असंच सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? एवढ्या सगळ्या ओळी नुसत्या बघून डोक्यात राहिल्या, हे इथल्या मुलांना पटणार नाही. त्यांना वाटेल टोपीने काम दिलं आणि म्हातारा तिला पाठीशी घालतोय. म्हणजे दोघंही बाहेर. मी गेलो तर गेलो. तिला परत त्या घरी जावं लागेल, ते वाक्य ऐकायला, आणि पुन्हा येता येणार नाही.

तिला वाचवायचा एकच मार्ग दिसतो. मी नक्कल केली, चोरून केली, तिला पत्ता नव्हता, असं म्हणायचं. म्हणजे खोटं बोलायचं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग बोला."

"खोटं?"

"एवढ्या वर्षांत एकदा. मी तर आठवड्यातून दोनदा बोलते. तुमच्या बहिणीचा फोन आला की तुम्ही अंघोळीला गेलेले असता."

हसू आलं नाही. मला खोटं जमत नाही हे तिला माहीत आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही, जीभच वळत नाही. थोड्या वेळाने ती जवळ येऊन बसली. "आणि समजा खोटं नसलं तर?" म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. तुम्ही जेवून घ्या."

संध्याकाळी देवापुढे बसलो. हे पाप माझ्या खात्यावर टाक, म्हणालो, तिच्या नको. मग वाक्य ठरवलं आणि पाठ केलं: मी नक्कल केली, तिचा दोष नाही.

२२ मार्च, शुक्रवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो, कारण अजून माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

चौकशी कोपऱ्यातल्या लहान खोलीत होती. आत गेलो. चिठ्ठीत निघालेल्या तिघांमध्ये ती नर्स होती, जिला मी शून्य दिलं. दुसरा टॅक्सीवाला. तिसरा एक तरुण, तो लिहून घेत होता. नर्सने माझ्याकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. मनात म्हटलं, झालं.

आधी टोपीला विचारलं. तिने आपलं काम उघडलं. नर्स म्हणाली, "नावं उलट्या क्रमाने लावून दाखव." टोपीने क्षणभर पाहिलं आणि एक चिन्ह फिरवलं. एकच. सगळी नावं उलटी लागली. "आता फक्त पहिली पाच." तिने आणखी काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. झालं. स्वतःच्या हाताने नीट बांधलेलं काम ती स्वतःच मोडत होती, पुन्हा जोडत होती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आमच्या गावी धड्यातला एक शब्द फिरवला तर गुरुजी छडी घ्यायचे.

मग टॅक्सीवाला मला म्हणाला, "काका, खरं सांगा. काम हिने दिलं?"

"नाही."

"मग?"

पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं. पण प्रश्न सरळ विचारला होता, आणि तोंडातून सरळच उत्तर गेलं. "फळ्यावर होतं. मी पाठ केलं."

"अख्खं?"

"हो."

टॅक्सीवाल्याने नर्सकडे पाहिलं. "एवढं कोण पाठ करतं?"

नर्सने नवा कोरा पडदा माझ्यापुढे सरकवला. "लिहा."

मी लिहिलं. तिघं माझ्या पाठीमागे उभे होते. खोलीत फक्त बटणांचा आवाज. टोपीने कुठे दोन ओळी रिकाम्या सोडल्या होत्या, त्याही सोडल्या. संपल्यावर टॅक्सीवाला दोन्ही पडदे आलटून पालटून बघत राहिला. "हा माणूस आहे की झेरॉक्स?" म्हणाला, पण हळू.

मला वाटलं सुटलो. टोपीने काम दिलं नाही हे सिद्ध झालं, आणि मी चोरलं नाही हेही. खोटं बोलावं लागलंच नाही. मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात नर्सने शेवटच्या भागातल्या एका लहानशा ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ काढली तर काय होईल?"

"कुठली?"

"ही."

"ती कशाला काढायची?"

"समजा काढली."

"ओळ काढायची नसते," मी म्हणालो. "मग ते पुरं राहणार नाही."

"ही ओळ करते काय?"

मी ती ओळ म्हणून दाखवली. ती म्हणाली, "तशी नको. करते काय?"

मी मागची ओळ म्हटली, मग ही, मग पुढची. साखळीत म्हटली की अर्थ येईल असं वाटलं. आला नाही. तिचं बोट तिथेच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला येत असलेल्या गोष्टीसमोर मी मुका होतो.

"बरं," ती म्हणाली, "गुबू म्हणजे काय?"

हे मला येत होतं. "रिकामा कप. संगणकाच्या भाषेत रिकाम्या कपाला गुबू म्हणतात. ती आज्ञा लिहिली नाही तर यंत्र ऐकत नाही."

मग टोपीने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि आतून म्हणाली, "काका, ते माझं मांजर आहे."

"काय?"

"गुबू. माझ्या मांजराचं नाव. तिथे काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. तुमचं नाव लिहिलं असतं तरी."

टॅक्सीवाला भिंतीकडे तोंड करून हसला. लिहून घेणारा तरुणही हसला. नर्स हसली नाही. ती त्या दोघांना म्हणाली, "ह्यांनी मला पडदा बंद करून काम म्हणायला लावलं होतं. मला वाटलं, त्रास द्यायला करतायत. तसं नव्हतं. ह्यांना खरंच वाटतं की म्हणता येणं म्हणजे येणं." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "हे काम तुमचं आहे का, काका?"

मी पडद्याकडे पाहिलं. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, अजून गरम. वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यातली कुठलीही ओळ तिथे का आहे ते मला सांगता आलं नसतं. मध्ये एक मांजर बसलं होतं आणि मी त्याला आज्ञा समजून पुजत होतो.

मी म्हणालो, "मी नक्कल केली. तिचा दोष नाही."

हे वाक्य मी खोटं म्हणून तयार केलं होतं. त्याचं पाप देवाकडे आधीच मागून ठेवलं होतं. तोंडातून निघालं तेव्हा मी वाट पाहत होतो की जीभ अडेल. अडली नाही. ते खरं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते आधीच माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

टोपी राहिली. मी बाहेर.

जिन्यात ती मागून आली. मला वाटलं आभार मानेल. ती भडकली होती. "मी रोज विचारायचे, कळलं का, कळलं का. तुम्ही हो म्हणायचात."

"मला वाटायचं कळलं."

"एकदा तरी नाही म्हणायचं होतं. मी पुन्हा सांगितलं असतं. दहादा सांगितलं असतं."

"तुझा वेळ गेला असता."

"त्यासाठीच तर बसलेय ना आपण सगळे इथे," ती म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. मी उभा राहिलो. मग म्हणालो, "मांजर कसं आहे?"

"जाडं आहे," ती म्हणाली, नाक पुसत. "आईकडे आहे."

२३ मार्च, शनिवार

सकाळी प्रार्थनेला बसलो आणि मध्येच थांबलो. लहानपणापासून रोज म्हणत आलेली ओळ, तिच्यातला एक शब्द. याचा अर्थ काय? माहीत नाही. कधीच माहीत नव्हता. पुढचा शब्दही थोडा धूसरच. दचकून डोळे उघडले, देवाने ऐकलं की काय असं वाटलं. ज्यांनी शिकवली ते वडील नाहीत. त्यांना तरी माहीत होता का?

पुढे म्हणवेना. नुसता बसून राहिलो. बायकोने डोकावून पाहिलं आणि गेली.

२४ मार्च, रविवार

मुलीचा जुना संगणक मागून घेतला. ती म्हणाली, "बाबा, आता कशाला?" बायको तिला म्हणाली, "दे गं."

सगळं उतरवलं. गुबू खोडून तिथे कप असं लिहिलं. चाललं. मांजर गेलं तरी यंत्र ऐकतं, हे बघून पुन्हा एकदा धक्का बसला, सांगितलेलं असूनही.

मग नावांच्या जागी घालायला काहीतरी हवं होतं. स्वयंपाकघरात विचारलं, "घरात काय काय संपलंय?"

"मीठ," बायको आतून म्हणाली. "साबण. काडेपेटी. पोहे. हळद."

घातलं. काडेपेटी, पोहे, मीठ, साबण, हळद, अशी शहाण्यासारखी ओळीने उभी राहिली. मग नर्सने बोट ठेवलं होतं ती ओळ शोधली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. शिकलेल्या गोष्टीतून ओळ काढायची, असं मी आजवर कशाचंही केलेलं नाही. काढली.

यंत्राने लिहिलं, काडेपेटी. मग पुन्हा काडेपेटी. पुन्हा. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. थांबेचना. काडेपेटी काडेपेटी काडेपेटी, डोळ्यांपुढून धो धो वाहायला लागली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

बायको हात पुसत आली, पडद्याकडे पाहिलं. "अहो, एकच सांगितली होती."

"मी एक ओळ काढली."

"कुठली?"

सांगितली. ती जरा वेळ बघत उभी राहिली. "म्हणजे ती 'आता पुढच्याकडे जा' म्हणणारी असेल," म्हणाली. "कुणी पुढे जा म्हणत नाही, म्हणून बसलंय बिचारं पहिल्यापाशीच."

या वेळी मी तिला गप्प केलं नाही. शेजारची खुर्ची ओढली. ती बसली.

"थांबवायचं कसं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

हे दोन शब्द मी कालपासून किती सहज म्हणतोय. मुलीला हाक मारली, तिने येऊन दोन बटणं दाबली, थांबलं. ती ओळ परत घातली. मीठ आलं, साबण आला.

मग त्या ओळीच्या खालची ओळ काढली.